गळावरची केसाळ माशी

गळाला लावावयाचे आमिष जिवंतच असले पाहिजे असे नाही. गळाच्या दांड्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळावा, त्यावर सशाची मऊ लव पिळून बसवावी, की कीटकाचे अंग तयार होते. बारीक लव हवा धरून ठेवते. राठ केस प्रवाहात हलतात आणि मासा फसतो. हरणाचे केस आतून पोकळ असल्याने तरंगतात.

केसांच्या जोडीला पिसेही लागतात. आणि तेथेच या कलेचे मोल भारतीय रानाला द्यावे लागले. सुरतेजवळच्या सचिनच्या आग्नेयेस डांगच्या अरण्यात राखी रानकोंबडा वावरतो. त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके असतात. ब्रिटनमध्ये सॅमन माशासाठी बांधलेल्या माशीला हेच पीस डोळा म्हणून लावीत. त्यापायी असंख्य पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आज या पक्ष्याची शिकार हा गुन्हा आहे. रानससा व हरीण यांनाही हेच संरक्षण आहे.

छंदाला त्यामुळे बाध येत नाही. पाळीव शेळीचे केस आणि घरच्या कोंबड्याचे पीस पुरेसे होते. डोळा नेमका कोणत्या पक्ष्याचा, हे माणूस पाहतो. मासा पाहत नाही.