सायकलचा दिवा किती तास जळेल?

अशी कल्पना करा की, जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी साडेसात वाजता तुम्हांला तळेगावहून सायकलने लोणावळ्याला जायचे आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला परवानगी नाही. तेव्हा वडगाव, कामशेतवरून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ताच धरावा लागेल. अंतर सुमारे ३० किलोमीटर. ताशी १५ किलोमीटर वेगाने गेलात तर दोन तास लागतील. गाव मागे पडले की रस्त्याकडेचे दिवेही मागे पडतात, आणि मग खड्डा, वाहून आलेली खडी, रस्त्यात बसलेले गुरू हे सारे दिसायचे ते केवळ सायकलच्या दिव्याच्या भरवशावर.

दिवा नवीन आहे. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन आकडे छापलेले आहेत : '१००० ल्युमेन' आणि '६ तास'. प्रवास तर दोनच तासांचा. मग काळजी कसली?

काळजी आहे! हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात का, हे आधी तपासून पाहायला हवे. त्यासाठी नववी-दहावीचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

डायनॅमो गेला, घट आला

तुमच्या आजोबांच्या सायकलला बहुधा डायनॅमो असेल. चाकाच्या टायरवर घासून फिरणारे हे छोटे जनित्र ६ व्होल्ट विभवांतराला सुमारे ३ वॅट शक्ती देत असे. त्याचा मोठा गुण असा की तो कधी 'संपत' नसे. दोष असा की सायकल थांबली की दिवाही विझे, आणि चढावर वेग मंदावला की उजेडही मंदावे.

आजच्या दिव्यात दोन नव्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे प्रकाश देणारा डायोड, म्हणजेच एलईडी. जुना छोटा तारेचा बल्ब एका वॅटमागे जेमतेम दहा-बारा ल्युमेन प्रकाश देई. चांगला एलईडी १०० ल्युमेनच्या आसपास देतो. पांढऱ्या एलईडीचा पाया असलेला निळा एलईडी तयार केल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा भारित करता येणारा लिथियम-आयन घट. तो १९९१ साली बाजारात आला, आणि त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ सालचे नोबेल मिळाले. या घटामुळे दिव्याचा उजेड सायकलच्या वेगावर अवलंबून राहिला नाही. पण आता तो घटात साठवलेल्या ऊर्जेवर अवलंबून आहे, आणि साठा म्हटला की तो संपणारच.

वळवणचे तलाव काय शिकवतात?

हा साठा मोजायचा कसा? घटावर '२६०० मिलिअँपिअर-तास' असे काहीतरी लिहिलेले असते. त्याचा अर्थ समजून घ्यायला लोणावळ्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरोता यांसारखे टाटांचे तलाव आहेत. पावसाळ्यात ते भरतात. त्यांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीच्या वीजकेंद्रात सोडले जाते. १९१५ सालापासून या पाण्याने मुंबईला वीज पुरवली आहे. चार महिन्यांत साठवायचे आणि वर्षभर पुरवायचे! मोठ्या प्रमाणावर पाहिले तर हाही एक संचायकच की!

आता सांगा, या तलावातून किती वीज मिळेल हे केवळ पाण्याच्या घनफळावरून सांगता येईल का? नाही. तेच पाणी ५०० मीटरऐवजी ५० मीटर खाली सोडले तर वीज एक-दशांशच मिळेल. पाण्याचे प्रमाण आणि उंची यांचा गुणाकार महत्त्वाचा. घटाचेही तसेच आहे. मिलिअँपिअर-तास म्हणजे जणू पाण्याचे प्रमाण, आणि व्होल्ट म्हणजे उंची. दोहोंचा गुणाकार केला की मिळतात वॅट-तास, म्हणजे साठवलेली ऊर्जा.

आता गणित करू

अनेक दिव्यांत '१८६५०' नावाचा घट असतो. नाव विचित्र वाटले तरी अर्थ सोपा आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य हे आकार दंडगोल असल्याची खूण. त्याचे सरासरी विभवांतर ३.६ व्होल्ट असते. २६०० मिलिअँपिअर-तास म्हणजे २.६ अँपिअर-तास. म्हणून,

ऊर्जा = २.६ × ३.६ = ९.३६ वॅट-तास.

एका वॅटला १०० ल्युमेन धरले तर १००० ल्युमेनसाठी १० वॅट शक्ती लागेल. ९.३६ ला १० ने भागा. उत्तर येते सुमारे ५६ मिनिटे! आतील विद्युत्मंडलात थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, ती वजा करता हाती राहतात जेमतेम ५० मिनिटे. म्हणजे तळेगावहून निघालेला आपला सायकलस्वार निम्म्या वाटेवर, कामशेतच्या आगेमागे, अंधारात सापडेल.

मग ते 'सहा तास' कुठले? दिवा १५० ल्युमेनवर ठेवला तर १.५ वॅट लागतील, आणि ९.३६ ÷ १.५ = सुमारे ६.२ तास. खोक्यावरचे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते बटणाच्या दोन वेगवेगळ्या स्थितींतील आहेत. ३०० ल्युमेनवर दिवा सुमारे तीन तास जळेल. दोन तासांच्या प्रवासासाठी ही मधली स्थिती योग्य. मागच्या लाल दिव्यालाही विसरू नका. त्याला शक्ती फार थोडी लागते, पण मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला तुम्ही दिसता ते त्याच्यामुळेच.

याच हिशेबाने आणखी एक खोटेपणा पकडता येतो. बाजारात '९९०० मिलिअँपिअर-तास' असे छापलेले १८६५० घट स्वस्तात मिळतात. या आकाराच्या चांगल्या घटात साधारणपणे ३५०० पर्यंतच मिलिअँपिअर-तास मावतात. तेव्हा तो आकडा वाचूनच घट खाली ठेवावा!

किती उजेड पुरेसा?

कुणी म्हणेल, "उजेड कमी केला तर दिसणार कसे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वेगावर अवलंबून आहे.

समजा, तुम्ही खंडाळ्याहून घाटाने खोपोलीकडे उतरत आहात. वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. तेवढ्यात सायकल १२.५ मीटर पुढे जाते. ओल्या उतारावर ब्रेकने वेग दर सेकंदाला २ मीटर-प्रतिसेकंद इतकाच कमी होतो असे मानले, तर थांबेपर्यंत आणखी सुमारे १७.५ मीटर लागतात. एकूण ३० मीटर. म्हणजे दिव्याने किमान ३० मीटर पुढचे दाखवले पाहिजे.

हेच गणित ताशी ४० आणि ताशी २० किलोमीटर वेगांसाठी करून पाहा. उत्तरे अनुक्रमे सुमारे ४८ मीटर व १६ मीटर येतील.

आता प्रकाशाचा व्यस्तवर्गाचा नियम आठवा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो. म्हणून ३० ऐवजी ४८ मीटरवरची वस्तू तितकीच स्पष्ट दिसायला (४८ ÷ ३०)², म्हणजे अडीचपट प्रकाश हवा. याउलट ताशी २० किलोमीटर वेगाला पूर्वीच्या प्रकाशाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक प्रकाश पुरतो. वेग एक-तृतीयांशाने कमी केला की घट तिपटीहून अधिक वेळ पुरतो! वाटेत दिवा मंदावू लागला तर काय करावे, याचे उत्तर या एका आकड्यात आहे : वेग कमी करावा.

आणि घाटात धुके उतरले असेल तर? तेव्हा झोत वाढवून उपयोग नाही. धुक्यातील पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. त्यांतला काही उलट तुमच्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी दिवा मंद करून, झोत खाली रस्त्याकडे वळवून, सावकाश जावे. दाट धुक्यात थांबणेच शहाणपणाचे.

दिवा दगा का देतो?

हिशेब बरोबर असूनही कधी कधी दिवा मध्येच विझतो. त्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण घटाचे वय. लिथियम-आयन घट साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भारित झाला की त्याची धारणक्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते. शिवाय त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, जुन्या घटाचा रोध ०.२५ ओहम आहे. १० वॅटसाठी प्रवाह लागतो सुमारे २.८ अँपिअर. ओहमच्या नियमाने ०.२५ × २.८ = ०.७ व्होल्ट घटाच्या आतच खर्ची पडतात. घटाचे विभवांतर ३.५ व्होल्ट असले तरी दिव्याला मिळतात २.८, आणि ३ व्होल्टच्या खाली संरक्षक मंडल दिवा बंद करते, असे धरा. घटात ऊर्जा शिल्लक असूनही अंधार! पण दिवा १.५ वॅटवर आणला तर प्रवाह ०.४२ अँपिअर, आणि तूट फक्त ०.१ व्होल्ट. दिवा पुन्हा पेटतो. म्हणून दिवा अचानक विझला तर घाबरून न जाता बाजूला थांबावे आणि तो सर्वांत मंद स्थितीत लावून पाहावा.

दुसरे कारण पाणी. आवरणावर 'आयपीएक्स-४' असेल तर दिवा उडत्या पाण्याला दाद देत नाही. 'आयपीएक्स-७' असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पण मावळातला पाऊस आणखी एक युक्ती करतो. प्रखर स्थितीत दिव्याच्या आतील हवा समजा ६० अंश सेल्सिअस तापली, आणि पावसाच्या सरीने ती २५ अंशांवर आली. निरपेक्ष तापमान ३३३ वरून २९८ झाले. म्हणजे आतील दाब सुमारे १० टक्क्यांनी घटला. बाहेरची हवा आत शिरू पाहते आणि रबरी झाकण सैल असेल तर सोबत पाणीही ओढून नेते. म्हणून चार्जिंगच्या छिद्रावरचे झाकण निघण्यापूर्वी नीट दाबावे आणि ओला दिवा पुरता वाळल्यावाचून चार्जिंगला लावू नये.

करून पाहा

आपल्या दिव्याचे खरे आयुष्य मोजायला महागडे उपकरण लागत नाही. पांढऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाका. झाला तुमचा प्रकाशमापक तयार! अंधाऱ्या खोलीत हा कागद उभा करा. एका बाजूला ३ मीटरवर पूर्ण भारित केलेला सायकलचा दिवा ठेवा, दुसऱ्या बाजूला घरातल्या विजेवर चालणारा लहान एलईडी बल्ब. बल्ब पुढे-मागे सरकवा. एका ठिकाणी तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होईल. तेथे दोन्ही बाजूंचा प्रकाश समान आहे. बल्बचे कागदापासूनचे अंतर लिहून ठेवा.

दर १५ मिनिटांनी हेच करा. समजा, सुरुवातीला अंतर ४० सेंटिमीटर होते आणि नंतर ते ५७ झाले. (४० ÷ ५७)² = सुमारे ०.५. म्हणजे सायकलचा दिवा निम्म्यावर आला! डोळ्यांना मात्र ते जाणवले नसेल, कारण हळूहळू होणारा बदल डोळा सहज पचवतो. आलेख काढा : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर प्रकाश. काही दिव्यांचा आलेख हळूहळू उतरतो. काहींचा सपाट राहून शेवटी कड्यासारखा कोसळतो. दुसऱ्या प्रकारचा दिवा बराच वेळ सारखा उजेड देतो, पण विझण्यापूर्वी फारशी सूचना देत नाही.

दोन सूचना पाळा. दिव्यावर पंख्याचा वारा सोडा. सायकलवर वाऱ्याने तो थंड राहतो, खोलीत तापतो व आपोआप मंद होतो. आणि झोताकडे थेट पाहू नका. घट उघडण्याचा प्रयत्न कधीही करू नका. फुगलेला घट चार्ज करू नये. तो कचऱ्यातही न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. बरेच महिने दिवा वापरायचा नसेल तर तो अर्धवट भारित करून थंड जागी ठेवावा.

हा प्रयोग दरवर्षी दोनदा करा : एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा दिवाळीनंतर. प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ हेच दिव्याचे उपयोगी आयुष्य समजा, आणि त्याच्या दोन-तृतीयांशाहून लांबचा प्रवास एकाच दिव्याच्या भरवशावर करू नका. ६०० किलोमीटरची 'ब्रेव्हे' ४० तासांच्या आत पुरी करणाऱ्या सायकलस्वारांना रात्रीही सायकल चालवावी लागते, आणि पुढचा-मागचा दिवा व प्रकाश परावर्तित करणारे जाकीट हे त्यांच्यासाठी सक्तीचे असते. जाणकार मंडळी सोबत जादा दिवाही ठेवतात.

तुमच्या वर्गात सायकलने येणारी किती मुले अंधार पडल्यावर घरी पोहोचतात? त्या सर्वांचे दिवे एका शनिवारी शाळेच्या प्रयोगशाळेत आणा. प्रत्येकाचा आलेख काढून तो फलकावर लावा. ज्याचा दिवा घरापर्यंत पुरणार नाही, त्याला ते रस्त्यावर कळण्याऐवजी शाळेतच कळेल.