बीचवरची जुनी एटीव्ही घरी दुरुस्त करताय? स्पार्क नसेल तर आधी ही एक वायर तपासा

नागाव, काशीद किंवा मुरुडला गेला असाल तर वाळूत धडधडणाऱ्या एटीव्ही तुम्ही पाहिल्याच असतील. सीझन संपून दमलेल्या अशा गाड्या पुढे सेकंड हँड विकल्या जातात. रोह्याच्या माझ्या आतेभावाने शेतात फिरायला अशीच एक घेतली. बंद पडलेली होती, म्हणून स्वस्त मिळाली. टेम्पोत घालून ती पेणला आमच्या अंगणात आली आणि आता शनिवार-रविवार मी लॅपटॉप सोडून तिच्याच मागे असतो.

अशा गाडीवर बऱ्याचदा कंपनीचं धड नावही नसतं. मग स्पेअर पार्ट शोधायचे कसे? इंजिनच्या क्रँककेसवर एक कोड कोरलेला असतो. कापडाने पुसा आणि मोबाइलने फोटो काढा. आमच्या गाडीवर होतं १५२एफएमएच. हा अक्षरशः व्हर्जन नंबर आहे. १ म्हणजे एक सिलिंडर, ५२ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलीमीटरमध्ये, एफ म्हणजे हवेने थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं आणि एच म्हणजे ११० सीसीचा गट. दुकानदाराला "एटीव्हीचा कार्बोरेटर द्या" म्हणालात तर तो मान हलवेल, कोड सांगितलात तर काम होईल. होंडाने १९५८ साली आणलेल्या सुपर कबच्या आडव्या इंजिनाचीच ही लांबची नातवंडं आहेत, त्यामुळे जुन्या शंभर सीसी बाइकवर हात बसलेल्या मेकॅनिकला यात परकं काही वाटत नाही.

आता मुद्द्याचं. बीचवरच्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा ठीक असतं. खाल्लेलं असतं ते वायरिंग, आणि खाणारं असतं मीठ. खारं पाणी कनेक्टरमध्ये शिरतं, तांब्यावर हिरवट थर चढतो, स्विच आतून गंजतो. मग एक दिवस स्टार्टर फिरतो, पण स्पार्क येत नाही. लोक लगेच सीडीआय बदलतात. नवा सीडीआय लावूनही गाडी तशीच!

कारण समजून घ्या. या छोट्या गाड्यांत बहुतेक एसी सीडीआय असतो. इंजिन बंद करायचं असेल तेव्हा स्विच एका वायरला गाडीच्या लोखंडाशी, म्हणजे ग्राउंडशी जोडतो. वायर ग्राउंड झाली की स्पार्क बंद. ही किल वायर बहुतेकदा काळी-पांढरी असते. गंजलेल्या स्विचमधून किंवा सोललेल्या वायरमधून ती आपोआपच ग्राउंडला चिकटली, तर सीडीआयला वाटतं की तुम्ही इंजिन बंद करायला सांगताय. बिचारा आज्ञाधारक आहे, खराब नाही.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. किल वायर सीडीआयच्या कनेक्टरमधून सोडवा. मीटर बीपवर ठेवून एक टोक स्विचकडे जाणाऱ्या वायरला आणि दुसरं चासीच्या रंग खरवडलेल्या भागाला लावा. चावी ऑन, स्विच रनवर असताना बीप यायला नको. आला, तर शॉर्ट तिथेच आहे. वायर सुटी असताना स्पार्क परत आला, तरी तोच पुरावा. स्पार्क बघताना प्लग इंजिनच्या धातूला टेकवून इन्सुलेटेड पकडीने धरा, आणि आसपास सांडलेलं पेट्रोल नको.

इथेच खरा धोका आहे. काही ठिकाणी ही वायर कापतात, गाडी सुरू होते आणि "झालं काम" म्हणून हातात देतात. पण आता चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, लाल बटणाने होत नाही, आणि लहान मुलांच्या गाडीला मागे जी दोरी असते, ती ओढूनही होत नाही. त्याच मिठाने थ्रॉटलची केबलही गंजलेली असते. अंगठा सोडला आणि केबल अडकून राहिली, तर बारा वर्षांच्या मुलाने काय करायचं? म्हणून जुनी एटीव्ही घेतलीत की पहिली टेस्ट हीच: गाडी जॅकवर, इंजिन सुरू, एकेक स्विच दाबून बघा. एकही चालत नसेल तर कोणालाही बसवू नका. स्विच महाग नसतो, बदलाच. थ्रॉटलची केबलही नवीन टाका, तिच्यावर तेल मारून वेळ काढू नका.

पेट्रोलचा त्रास मात्र मिठाचा नाही, तो थांबून राहण्याचा. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत चिकट थर बसतो आणि बारीक पायलट जेट बुजतो. जेट क्लीनरने धुवा. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, जोडताना उलट क्रमाने बघत जायचं.

टायरबद्दल एकच. पंपावर बाइकसारखी तीस पीएसआय हवा भरू नका. या टायरना साधारण ३ ते ५ पीएसआय लागते, नेमका आकडा टायरवर छापलेला असतो. एवढी कमी हवा नेहमीच्या गेजवर नीट दिसत नाही, त्यासाठी वेगळा लो प्रेशर गेज घ्या.

आणि चालवायची शेतातच. अशा गाडीची आरटीओ नोंदणी नसते. शिवाय मागची दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलवर असतात, मध्ये डिफरन्शियल नाही. मातीत चाक घसरून वळण निघतं. डांबरावर ते घसरत नाही आणि गाडी सरळच ढकलत राहते.

जूनच्या आधी साध्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर जेट बेअरिंगवर आणि कनेक्टरवर मारू नका. वाळल्यावर कनेक्टरमध्ये डायलेक्ट्रिक ग्रीस, चेनला ल्यूब. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, पण उघड्यावर, बंद पडवीत नाही. मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढा. ऑइलही बघून घ्या. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर बाहेरून पाणी शिरलंय, कारण या इंजिनात कूलंट नसतोच. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा, आणि गाडी विटांवर चढवून ठेवा.