अवजारांच्या भागांस घरच्या घरी पावडर कोटिंग

पावसाळ्यात अवजारांच्या लोखंडी कड्या, मुठी व पट्ट्या गंजून निकामी होतात. त्यांस पावडर कोटिंग घरीही करता येते. प्रथम रबर व प्लास्टिकचे भाग काढून गंज, जुना रंग व तेलकटपणा पूर्णपणे घालवावा. अन्यथा लेपाखाली गंज वाढतच राहतो. भाग तारेने टांगून त्यास अर्थिंग द्यावे व विद्युत्भारित पावडर गनने फवारावी. नंतर विजेच्या ओव्हनमध्ये, पावडरच्या डब्यावरील सूचनेनुसार, साधारणतः १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटे तापवावे. उडती पावडर ठिणगीने पेटते. म्हणून चूल दूर ठेवावी व नाकातोंडास मास्क लावावा. त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही अन्न शिजवू नये. मातीत घासणाऱ्या फाळावर हा लेप टिकत नाही. त्यास तेलच लावावे.