बचाव नौकेचे इंजिन मंद गतीत का अडखळते?

रायपूर शहरालगत खारून नदी वाहते. ही नदी शिवनाथला आणि शिवनाथ पुढे महानदीला जाऊन मिळते. पावसाळ्यात या नद्यांना पूर आला की बचाव पथकांची भिस्त प्रामुख्याने हवेने फुगवलेल्या रबरी नौकांवर आणि त्यांच्या मागील बाजूस बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनांवर असते. पथकांमध्ये हे इंजिन ‘ओबीएम’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

पावसाळा संपल्यावर अशी अनेक इंजिने महिनोन्‌महिने वापराविना राहतात. पुन्हा पाण्यात उतरवताच एक तक्रार हमखास पुढे येते. वेगात इंजिन सुरळीत चालते. मात्र मंद गतीत ते गचके देते आणि अखेर बंद पडते. हा दोष वरकरणी किरकोळ वाटला, तरी बचावकार्यातील सर्वांत नाजूक क्षण मंद गतीचाच असतो. छपरावर किंवा झाडावर अडकलेल्या माणसाजवळ नौका सावकाश न्यावी लागते. नेमके तेव्हाच इंजिन बंद पडल्यास नौका प्रवाहाच्या स्वाधीन होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत आलेल्या महापुरात हजारो नागरिकांना नौकांमधून हलवावे लागले होते. त्यावरून या यंत्राचे मोल लक्षात यावे.

अशा वेळी स्क्रू फिरवून इंजिनाची किमान गती वाढवण्याचा मोह होतो. त्याने मूळ दोष केवळ झाकला जातो. शिवाय गिअर टाकताना जोराचा हिसका बसतो, गिअरच्या दात्यांची झीज होते आणि पाण्यातील माणसाजवळ नौका आवश्यकतेपेक्षा वेगाने पोहोचते. त्यामुळे हा स्क्रू सर्वांत शेवटी हाती घ्यावा.

तपासणीचा क्रम

प्रथम इंधन पाहावे. टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र उघडे आहे का, नळीला भेग पडली आहे का आणि हाताने दाबायचा रबरी फुगा दाबल्यावर घट्ट होतो का, हे तपासावे. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असल्यास इंधनाचा मार्ग कुठेतरी अडला आहे, असे समजावे. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. त्यात पाणी असल्यास ते तळाशी वेगळे दिसते.

त्यानंतर स्पार्क प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग हे योग्य ज्वलनाचे लक्षण आहे. काळा व ओला प्लग इंधन किंवा तेल अधिक असल्याचे सुचवतो, तर पांढुरका प्लग इंधन कमी पडत असल्याचे सुचवतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेनुसारच असावे. अनेक इंजिनांसाठी ते पन्नास भागांस एक भाग, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर असते.

तिसरा टप्पा कार्बोरेटरचा. गरम इंजिन अडखळत असताना चोक किंचित ओढल्यावर ते सुधारले, तर त्याला इंधन कमी मिळत आहे असा अर्थ होतो. मंद गतीचे इंधन अतिशय बारीक छिद्राच्या जेटमधून येते. साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर प्रथम तेथेच बसतो. वेगात मोठा जेट काम करतो, म्हणून तेव्हा दोष जाणवत नाही. जेट तारेने कोरू नये. छिद्र मोठे होते. विशेष द्रावण आणि दाबाची हवा वापरून तो स्वच्छ करावा. एवढ्यानेही फरक न पडल्यास हवेची गळती किंवा सिलिंडरमधील दाब कुशल यंत्रज्ञाकडून तपासून घ्यावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

देशात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते. हे प्रमाण मर्यादेबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. दमट हवेत अर्धवट भरून ठेवलेल्या टाकीत हा धोका अधिक असतो.

दक्षता

इंजिन पाण्याबाहेर कधीही चालवू नये. थंड करणाऱ्या पंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात निकामी होतो. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार अखंड आहे ना, यावर लक्ष ठेवावे. पुराच्या गढूळ पाण्यात ती गाळाने तुंबू शकते. तपासणी मोकळ्या हवेत करावी आणि इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असावी.

हंगाम संपल्यावर कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय होय. छत्तीसगडमध्ये मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास दाखल होतो. त्यापूर्वी नौका काठाला पक्की बांधून, गिअरमध्ये आणि मंद गतीत इंजिन दहा मिनिटे चालवून पाहावे. या चाचणीत ते न अडखळल्यास नौका कामगिरीसाठी सज्ज आहे, असे म्हणता येईल.