रद्द झालेली मानके आणि उभी असलेली घरे

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे झाडले जातात आणि वडीलधाऱ्यांच्या पेटीतील जुनी पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात. घरात कोणी अभियंता होऊन गेला असेल, तर त्या ढिगात भारतीय मानक संस्थेच्या पातळशा पुस्तिकाही असतात. नवी आवृत्ती निघाल्यावर जुनीचा उपयोग तो काय, असे सहज मनात येते. आमची वाचकांस विनंती आहे की, त्यांनी क्षणभर थांबावे.

आमच्या परिचयाच्या एका गृहसंस्थेची इमारत 1968 सालची. तिच्या तपासणीचा प्रसंग आला, तेव्हा जुन्या नकाशावर काँक्रीटची प्रत ‘एम 150’ अशी आढळली आणि तरुण अभियंता बुचकळ्यात पडला. वस्तुतः तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम या मापाचा होता. 1978 च्या सुधारणेत न्यूटन हे माप आले आणि तीच प्रत ‘एम 15’ झाली. पुढे 2000 सालच्या मानकाने सळईयुक्त काँक्रीटसाठी किमान ‘एम 20’ ठरविली. एवढ्यावरून मूळ बांधणाऱ्यास लबाड ठरवावे काय? मुळीच नाही. 1978 च्या मानकासही ‘एम 15’ मान्यच होती. भूकंपाचेही तसेच. दख्खनचे पठार स्थिर आहे, ही समजूत 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने मोडली आणि 1970 साली भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला. त्यापूर्वीची घरे जुन्याच नकाशाच्या आधाराने उभी राहिली.

आता हे जुने मानक मिळवावे कोठून? नवे घरबसल्या संगणकावर मिळते. जुन्याची विक्री मात्र थांबते. चुकून कोणी त्याप्रमाणे बांधू नये, म्हणून ग्रंथालयेही ते कपाटातून काढून टाकतात. हेतू चांगला, परंतु परिणाम असा की, घर उभे राहते आणि त्याची साक्ष देणारा कागद नाहीसा होतो. उपर्युक्त गृहसंस्थेस 1964 ची प्रत दोन महिन्यांच्या शोधानंतर एका निवृत्त अध्यापकांच्या घरी सापडली.

जुने पुस्तक घर सुरक्षित असल्याची ग्वाही देत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यासाठी भिंतीखांबांचीच परीक्षा करावी लागते. परंतु बांधणाऱ्याने काय योजले होते, हे ते सांगते. आणि ते कळल्यावाचून केलेली दुरुस्ती म्हणजे प्रकृतीचा पूर्वेतिहास न विचारता दिलेले औषध होय.

म्हणून अशी पुस्तिका हाती आल्यास ती जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास द्यावी आणि ग्रंथपालांनी तीवर ‘केवळ संदर्भार्थ’ असा शिक्का मारून ती जपावी. रद्दीचे मोल चार रुपये येईल. पण त्या चार रुपयांपायी उद्या कोणाच्या तरी राहत्या घराचा न्याय अंदाजाने होईल.