भेगेतलं पाणी, भेगेतला वायू

चांदवड किंवा सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात बोअर घेणं म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाणाड्या शिवारात फिरून जागा दाखवतो, रात्री गाडी येते, काळ्या पाषाणाचा भुगा उडत राहतो आणि पहाटेपर्यंत निकाल लागतो. पाणी लागलं तर बाग वाचली. नाहीतर कर्जाच्या पैशात एक कोरडं भोक पडलं. तेल आणि वायू शोधणाऱ्या छोट्या कंपनीचं जगणं मला याच जातीचं वाटतं. आपण फूट मोजतो तिथे ते किलोमीटर मोजतात, आणि लाखांच्या जागी कोटी जातात.

तेलाच्या धंद्यात अशा कंपनीला 'स्वतंत्र' म्हणतात. तिची रिफायनरी नसते, पेट्रोलपंप नसतात. जमिनीखालचं तेल-वायू शोधायचं, वर काढायचं आणि विकायचं, एवढंच तिचं काम. शोध चुकला तर तोटा भरून काढायला दुसरं दुकान नसतं. भारतात या वाटेवर चाललेली पहिली खासगी कंपनी हिंदुस्थान ऑइल एक्स्प्लोरेशन. 1983 मध्ये ती उभी राहिली ती हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने. 1977 मध्ये एचडीएफसी काढून मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज मिळवून देणारे ते हेच. घराला निदान तारण असतं. न खणलेल्या विहिरीला काहीच नसतं. म्हणून या माणसाने तेलाच्या शोधात भांडवल घालावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तेव्हा देशातलं तेल म्हणजे सरकारी ओएनजीसी, असंच समीकरण होतं. 1974 मध्ये तिच्या 'सागर सम्राट' या रिगने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल शोधलं आणि 1976 मध्ये ते निघू लागलं. इथे नाशिककराने आपल्या पायाखाली पाहावं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा जो कातळ अंजनेरीला आणि ब्रह्मगिरीला दिसतो, तसाच कातळ अरबी समुद्राखालीही बऱ्याच भागात तळाशी आहे. तिथे त्यावर पुढच्या काळात चिखल आणि चुनखडी साचत गेली. चिखलातल्या जीवांच्या अवशेषांपासून तेल झालं आणि ते चुनखडीच्या बारीक पोकळ्यांत शिरून बसलं. गुजरातेत अंकलेश्वरलाही तेलाचे थर या कातळाच्या वर आहेत. आपल्याकडे नुसती फरशी उरली, वरचे मजले बांधलेच गेले नाहीत. तेल आपल्यापर्यंत येतं ते मुंबईच्या रिफायनरीतून घाट चढून, नळाने, मनमाडजवळच्या पानेवाडीला.

हिंदुस्थान ऑइलची खरी परीक्षा झाली तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत, पीवाय-1 या क्षेत्रात. वायू आधी ओएनजीसीला सापडला होता. 1995 मध्ये क्षेत्र खासगी हातांत आलं. मंच, समुद्रातली पाइपलाइन, किनाऱ्यावरचं केंद्र, या सगळ्यावर पैसा ओतून 2009 च्या अखेरीस वायू सुरू झाला. पण तो साठला होता ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये. वाळूच्या दगडात वायू स्पंजातल्या पाण्यासारखा सगळीकडे भरलेला असतो, त्यामुळे साठ्याचा हिशेब बराचसा मांडता येतो. भेगांचं तसं नाही. कुठली भेग किती लांब गेली आहे आणि कुठल्या भेगेला जोडली आहे, हे वरून नीट कळत नाही. आपल्या बोअरलाही पाणी लागतं ते कातळाच्या सांध्यात आणि भेगेत. पहिल्या दिवशी तीन इंची धार पडते, तिच्या भरवशावर द्राक्षाची बाग लावली जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मोटर हवा ओढू लागते. पीवाय-1 चं उत्पादनही अपेक्षेच्या फार खाली राहिलं. दरम्यान कंपनीतला मोठा हिस्सा इटलीच्या एनी या बलाढ्य कंपनीकडे गेला होता. पुढे तीही बाहेर पडली.

मराठवाड्यातल्या एका कंपनीने याच धंद्यात दुसरी वाट धरली. पैठण रस्त्यावर चितेगावला टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने 1994 मध्ये आंध्रच्या रव्वा क्षेत्रात 25 टक्के हिस्सा घेतला. विहिरी चालवणारे दुसरेच होते. पुढे मोझांबिकच्या समुद्रात अफाट वायू सापडला, आणि तिथला व्हिडिओकॉनचा 10 टक्के हिस्सा ओएनजीसी विदेश व ऑइल इंडियाने जानेवारी 2014 मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरला विकत घेतला. शोधाने एवढं देऊनही बाकीच्या धंद्यांचं कर्ज भारी पडलं आणि 2018 मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

हिंदुस्थान ऑइल सावरली ती लहान कामं स्वतःच्या हाताने करून, आणि तिची ही बाजू मला जास्त मोलाची वाटते. 2015 मध्ये केअर्न इंडिया या तेल कंपनीतून आलेले पी. एलांगो सूत्रधार झाले. आसामात, दिग्बोईच्या जुन्या तेलक्षेत्राच्या टापूत, दिरोक वायुक्षेत्र ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झालं. तिथे ऑइल इंडियाचा वाटा सुमारे 44 टक्के, इंडियन ऑइलचा 29 आणि हिंदुस्थान ऑइलचा जेमतेम 27. तरी क्षेत्र चालवण्याची जबाबदारी हिचीच. दोन सरकारी कंपन्यांनी सर्वांत लहान भागीदाराच्या हाती चाव्या देणं, ही त्या हाताच्या कसबाची पावती आहे.

त्याच सुमारास सरकारने धोरण बदललं. मोठ्या कंपन्यांना सापडलेले, पण त्यांच्या पसाऱ्यात न परवडणारे छोटे साठे 2016 मध्ये लिलावात आले. 67 शोध, 46 क्षेत्रांत बांधलेले. सामायिक जमिनीतला दुर्लक्षित तुकडा कसायला धाकट्या भावाने पुढे यावं, तसं हे होतं. मुंबईच्या समुद्रातलं बी-80 हिंदुस्थान ऑइलकडे आलं. कायमचा अवाढव्य मंच बांधला असता तर एवढ्या साठ्यावर खर्च निघाला नसता. म्हणून समुद्रतळावर पाय टेकवून उभा राहणारा आणि काम संपलं की हलवता येणारा मंच उभा केला, शेजारी तेल साठवायला जहाज ठेवलं आणि 2022 मध्ये उत्पादन सुरू झालं.

नव्या बोअरला पाणी लागलं की आपल्याकडचा जाणता शेतकरी लगेच पाइपलाइनची ऑर्डर देत नाही. तो आधी मोटर काही तास सलग चालवतो, धार किती टिकते ते पाहतो, आणि मगच बाग किती लावायची ते ठरवतो. बी-80 च्या उत्पादनाचे आकडे दर तिमाहीला जाहीर होतात, तेव्हा मीही आधी धारेकडेच पाहतो.