चार चौकटींचा हिशेब

दिवाळी अंकांसाठी मी चित्रं काढू लागले तेव्हा मानधनाचा चेक संक्रांतीनंतर यायचा, कधी यायचाही नाही. पण येणारा पैसा कुठून येतो हे मात्र स्पष्ट कळायचं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजपर्यंत कागद, छपाई, मुखपृष्ठ सगळं बदललं, तरी माझ्या पाहण्यातल्या अंकांचा सांगाडा एकच होता. जाहिरातदार मोठा भार उचलतो, वाचक अंकाची किंमत मोजतो, आणि उरल्यासुरल्यातून लेखक-चित्रकाराच्या हातावर काही पडतं. दहा वर्षांपूर्वी मी इंटरनेटवर दर आठवड्याला चार चौकटींची चित्रकथा टाकू लागले आणि हा सांगाडाच नाहीसा झाला. वाचक फुकट वाचतो, मधे संपादक नाही, जाहिरात असली तरी तिचा पैसा दुसऱ्याच्याच खिशात जातो. घरी सासूबाईंनी विचारलं, “अगं, एवढे लोक वाचतात म्हणतेस, मग पैसे कोण देतं?” मला उत्तर देता आलं नाही. ते शोधायला निघाले त्याची ही हकिगत.

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतले चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी २०००च्या आपल्या ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’ या पुस्तकात त्यावर तोडगा सुचवला होता. मधले वितरक, दुकानदार गेले, तर वाचकाने अगदी किरकोळ रक्कम थेट चित्रकाराला दिली तरी दोघांचं भागेल, असा त्यांचा हिशेब होता. २००३मध्ये ‘बिटपास’ नावाची सेवा अशा चिल्लर व्यवहारांसाठी निघाली आणि मॅक्लाउड यांनी स्वतःची ‘द राइट नंबर’ ही चित्रकथा तिच्यावर २५ सेंटला विकायला ठेवली. २००७मध्ये बिटपास बंद पडलं. अडचण २५ सेंटची नव्हती. ‘हे पैसे देण्यालायक आहे का?’ हा विचार वाचकाला दर वेळी करावा लागतो, आणि शेजारीच दुसरं काहीतरी फुकट पडलेलं असतं. पानाच्या दुकानात सुट्ट्या पैशांसाठी आपण जेवढं थांबतो तेवढंही इथे कुणी थांबत नाही.

मग ज्यांचं भागलं ते कशावर? बहुतेकांनी चित्रकथा फुकट ठेवली आणि तिच्या आजूबाजूचं काहीतरी विकलं. नासाच्या एका केंद्रात कंत्राटी काम करणाऱ्या रँडल मन्रो यांनी २००५मध्ये ‘एक्सकेसीडी’ सुरू केली. काड्यांची माणसं, गणिताचे विनोद. चित्रं बिनव्यापारी वापरासाठी कुणीही, नाव देऊन, वापरावीत अशी मोकळीक त्यांनी दिली. त्यामुळे चित्रं जगभर फिरली, आणि चित्रकाराचं घर चाललं ते टी-शर्ट, पोस्टर आणि पुढे पुस्तकांवर. हे वाचून मीही हौसेने टी-शर्ट छापून घेतले. त्यातले मोठ्या मापाचे आजही आमच्या माळ्यावर आहेत. शर्ट विकायचा म्हणजे मापं, साठा, परतावा, कुरिअर हे सगळं आलं, आणि त्या आठवड्यात चित्र राहून जातं. हे गणित मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसरा मार्ग आगाऊ वर्गणीचा. रिच बर्ल्यू यांची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही चित्रकथा इंटरनेटवर आधीपासूनच फुकट वाचायला होती. तिची संपलेली पुस्तकं पुन्हा छापण्यासाठी २०१२च्या सुरुवातीला त्यांनी किकस्टार्टरवर ५७,७५० डॉलर मागितले. महिन्याभरात १४,९५२ लोकांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले. जे फुकट मिळतं त्याचंच पुस्तक लोकांनी विकत घेतलं. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. पूर्वी आपल्याकडे मोठे ग्रंथ प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदवून घ्यायचे, तोच हा प्रकार. फरक इतकाच की इथे वर्गणीदारांचा आकडा सर्वांना दिसतो, आणि ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाचा पैसाच कापला जात नाही. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते: त्याच वर्षी बर्ल्यू यांच्या हाताला दुखापत झाली आणि कबूल केलेल्या भेटी पोचवण्याचं काम पुढे बराच काळ चाललं. वर्गणी जमली म्हणजे कमाई झाली असं नसतं. तेवढं देणं अंगावर आलेलं असतं. शिवाय भारतात राहणाऱ्या चित्रकाराला किकस्टार्टरवर स्वतःची मोहीम उघडता येत नाही, तेव्हा आपल्याला हा मार्ग इथल्या साधनांनीच चालावा लागतो.

माझ्या मते खरा पालट २०१३मध्ये झाला. जॅक कॉन्टी या संगीतकाराने सॅम याम यांच्यासोबत ‘पेट्रिऑन’ काढलं. एखाद्या कृतीची किंमत मागण्याऐवजी तिथे वाचक कलावंताला महिन्याला एक, दोन, पाच डॉलर देतो, म्हणजे निर्णय एकदाच घ्यावा लागतो. बिटपास जिथे अडखळलं तिथेच हे चाललं. इथे लहान देणगीचं महत्त्व किती, ते २०१७च्या डिसेंबरात दिसलं. प्रत्येक देणगीमागे २.९ टक्के आणि वर ३५ सेंट देणाऱ्याकडून घ्यायचे, असं कंपनीने जाहीर केलं. म्हणजे एक डॉलर देणाऱ्याला १ डॉलर ३८ सेंट पडणार. पाच कलावंतांना एकेक डॉलर देणाऱ्याला पाच वेळा भुर्दंड. एकेक डॉलर देणारे भराभर बाहेर पडू लागले, चित्रकारांनी ओरड केली आणि आठवड्याभरात कंपनीने निर्णय मागे घेतला.

कोरियाचं आणखी वेगळं. तिथे नेव्हरने २००४मध्ये वेबटून सुरू केलं: फोनवर वरून खाली सरकत वाचायची रंगीत मालिका. (आपल्या ‘आवाज’मधल्या खिडकीचित्राची मजा पान उलटण्यात होती, इथे ती बोट सरकवण्यात आहे.) मालिका फुकटच, पण पुढचे भाग आजच वाचायचे तर पैसे, थांबायची तयारी असेल तर तेच भाग काही दिवसांनी फुकट. म्हणजे विकली जाते ती घाई. २०१३पासून नेव्हरने जाहिराती, आगाऊ भाग आणि वस्तूविक्री यांतला वाटा चित्रकाराला द्यायची पद्धत आणली. न्यूझीलंडच्या रेचेल स्माइथ यांची ‘लोअर ऑलिम्पस’ याच घरातून जगभर पोचली. पण ही घरं मोठी, आणि मोठ्या घरात शिरताना करारावर सही करावी लागते. त्याकडे मी येतेच.

आपल्याकडे आधी पैसे पोचवण्याचीच कटकट होती. २०१६मध्ये यूपीआय आलं आणि चित्राखाली एक चौकोन छापला की वाचक वीस रुपयेही पाठवू शकतो अशी सोय झाली. वीसातले वीस मिळतात. जे मॅक्लाउड यांना अमेरिकेत हवं होतं ते इथे रस्त्यावरच्या भाजीवालीकडेही आहे! पण एकेकटी देणगी पावसासारखी असते. एखादं चित्र गाजलं की सरी येतात, मग दोन महिने कोरडे. महिन्याची वर्गणी हवी तर आपोआप कापली जाणारी रक्कम हवी. तिथे १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले: पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना, आणि ५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी वेगळी परवानगी (ही मर्यादा पुढच्या वर्षी १५,००० झाली). नियम ग्राहकाच्या हिताचा, पण ज्या परदेशी सेवांची त्यासाठी तयारी नव्हती तिथली भारतीय कार्डांवरची वर्गणी बंद पडली. म्हणून मी कुणी विचारलं तर सांगते, वर्गणीचं एकच दार ठेवू नका.

आता करार. माझं पहिलं पात्र एक निवृत्त मुख्याध्यापिका होती, माझ्या आत्याच्या वळणाची. एका चित्रकथा-ॲपने ती मालिका घेतली, भागागणिक पैसे दिले आणि मी अकरा पानी करार न वाचता सही केली. दीड वर्षात ॲप बंद झालं. पुस्तक काढायला गेले तेव्हा प्रकाशकाने करार मागितला, आणि तेव्हा मी तो पहिल्यांदा वाचला. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा निर्मात्याच्या बाजूने बराच विचार करतो. कलम १९ म्हणतं, हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं काही नसेल तर. माझ्या करारात सगळंच लिहिलेलं होतं: संपूर्ण जग, संपूर्ण मुदत, सर्व माध्यमं, आणि वापरलं नाही तरी हक्क कंपनीकडेच. लिहिलं नाही तर कायदा राखतो. लिहून दिल्यावर त्याचे हात बांधले जातात. वकिलाने फी न घेता एवढंच सांगितलं की कंपनीचे मालक शोधा आणि हक्क विकत मागा. मालकांनी फोन उचलला नाही.

नागपूरचे रोहन चक्रवर्ती यांचं उदाहरण याच्या उलट आहे. दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या या माणसाने २०१०मध्ये ‘ग्रीन ह्यूमर’ ही वन्यजीवांवरची चित्रमालिका सुरू केली. तीच चित्रं इंटरनेटवर, वर्तमानपत्रांत, पुस्तकांत आणि संस्थांसाठी केलेल्या कामात दिसतात. एकाच पात्रापासून अनेक लहान झरे फुटू शकतात, पण पात्र स्वतःच्या हातात असेल तरच.

गेल्या पाडव्याला मी नवी मालिका सुरू केली. यात एक तरुण पोस्टमन आहे, आणि तो कुणाच्याही वळणाचा नाही. कराराची मागणी आली, मी दोन वर्षं, मराठी भाषा, फक्त फोनवरचं वाचन, एवढंच लिहून पाठवलं. उत्तर आलेलं नाही. दरम्यान पुस्तकाची नोंदणी उघडली आहे, नोंदवलेल्यांमध्ये आत्याचं नाव सर्वांत वर आहे. मुख्याध्यापिकाबाई का दिसत नाहीत म्हणून ती अजून विचारते.